माझ्यात न छापलेली ओळ

मित्रांनो, माझ्या पाठीच्या कातड्याला भेगा पडल्या आहेत आणि खालचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे, तरी माझी अक्षरे अजून नीट वाचता येतात. मी एक जुने पुस्तक आहे. राजाराण्यांच्या गोष्टी माझ्यात नाहीत. नवऱ्याने बायकोशी कसे वागावे, बायकोने नवऱ्याशी कसे वागावे, आईबापांनी मुलांना कसे वाढवावे, चाकरांनी मालकांशी कसे वागावे आणि सगळ्या घराने मिळून देवाचे नाव कसे घ्यावे, एवढेच माझ्यात लिहिले आहे. ऐकायला रुक्ष वाटेल. पण माझ्यापायी एका घरात जे घडले, ते रुक्ष नव्हते.

माझा जन्म लंडनच्या एका गल्लीतला. लोकांच्या जुन्या सदऱ्यांच्या चिंध्या कुजवून माझा कागद झाला. मला लिहिणारे एक प्रवचनकार होते. राजाच्या माणसांनी त्यांचे व्यासपीठ काढून घेतले होते, तेव्हा जे बोलता येत नव्हते ते त्यांनी लिहून काढले. छापखान्यात एक तापट म्हातारा माझे खिळे जुळवायचा. नवऱ्याने घरात सौम्य बोलावे, हे प्रकरण तो जुळवत असताना त्याची बायको जेवायला हाका मारत होती आणि तो तिच्यावर खेकसत होता. बोटे मात्र एकही अक्षर चुकली नाहीत. मी तेव्हा कोवळे होते. मला वाटले, ज्याने मला जुळवले त्याला मी पाठ असणार. तसे नसते, हे मला हळूहळू कळले.

वासराच्या कातड्यात बांधून मला गलबतावर चढवले आणि मी समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्सला आले. बोस्टनच्या एका दुकानात एका विधवा बाईने मला उचलले. तिची मुलगी मेहिटेबल हिचे लग्न ठरले होते. बाईने मला मुलीच्या पेटीत चादरींच्या घडीत ठेवले आणि बजावले, "हे दोघांनी मिळून वाचायचं. एकट्याने वाचलंस तर तुला फक्त त्याच्या चुका दिसतील."

नवरा होता जेडिडाया व्हीलॉक. उत्तरेकडच्या खाडीकाठच्या गावात तो पिंपे बांधायचा. खारवलेले मासे, सफरचंदाची दारू, पीठ, सगळ्यांना पिंपे लागत आणि जेडिडायाचे पिंप कधी गळत नसे. लग्न न्यायाधीशासमोर लागले. अंगठी नाही, फुले नाहीत, आमच्या साध्या पंथात तशी रीतच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मक्याची लापशी खाऊन झाल्यावर, जेडिडायाने मला उघडले आणि बायकोची कर्तव्ये वाचायला घेतली.

पुढे कितीतरी संध्याकाळी तो तेच वाचत राहिला. मेहिटेबल सूत काततच ऐकायची. एकदा शांतपणे म्हणाली, "अहो, पुढचं पान चिकटलंय का?"

"नाही. का गं?"

"नवऱ्याचं प्रकरण तिथे सुरू होतं, असं आई म्हणाली होती. म्हणून विचारलं."

जेडिडाया कानापर्यंत लाल झाला. पण त्याने पान उलटले, आणि बायको ही मोलकरीण नसून सोबतीण आहे, हे स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचले. त्या दिवसापासून ते दोघे मला आलटून पालटून वाचू लागले. तो हट्टी होता, पण पटले तर ऐकणारा होता. माझे ते दिवस फार सुखाचे गेले. माझ्या पानांना चुलीतल्या ओकच्या धुराचा वास लागला, तो आजही आहे.

त्यांना दोन मुलगे झाले आणि मग एक मुलगी. तिचे नाव थँकफुल, म्हणजे कृतज्ञ. ती अजून पाळण्यात असताना गावात घशाचा ताप आला आणि एकाच हिवाळ्यात दोन्ही मुलगे गेले. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला आधी विस्तव पेटवावा लागला. जेडिडायाने स्वतः दोन लहान पेट्या केल्या. त्यानंतर बरेच दिवस मला कुणी हात लावला नाही.

थँकफुल मोठी होऊ लागली तशी बापाच्या कामाच्या जागी, रंध्याच्या भुशात बसू लागली. तिचे तोंड कधी मिटलेले नसायचे. पिंप गोलच का? चौकोनी केले तर मासे नाराज होतील का? आपल्याला शब्बाथला, देवाच्या रविवारी, पळायची बंदी आहे, मग मासे त्या दिवशी पोहतात कसे? जेडिडाया हातोडा खाली ठेवून पोट धरून हसायचा. आणि मग एकाएकी गप्प व्हायचा.

त्याचे कारण मला माहीत होते, कारण ते माझ्यातच होते. 'जे आईबाप मुलांवर प्रमाणाबाहेर माया करतात, ते मुलांची मूर्ती करून पूजतात. आणि देव मूर्ती मोडतो.' ती ओळ तो एकटा बसून वाचायचा, बोट ठेवून, पुन्हा पुन्हा. दोन्ही मुलग्यांवर आपण फार जीव लावला म्हणून देवाने ते नेले, असे त्याच्या मनाने घेतले होते. आता ही पोरगी. हिच्यावर तर त्याचा त्याहून जीव होता.

आमच्याकडे मुले दहा-बारा वर्षांची झाली की दुसऱ्या चांगल्या घरी राहायला धाडतात. तिथे ती काम शिकतात, शिस्त शिकतात. आईबाप आपल्या लेकराला नीट दटावू शकत नाहीत, परके घर ते करते, असा समज आहे. थँकफुल दहा वर्षांची झाली आणि जेडिडायाने जाहीर केले की तिला नदीपलीकडच्या गावी, डीकन हेझेकाया क्रॅनफिल्ड यांच्याकडे पाठवायचे. डीकन म्हणजे तिथल्या चर्चच्या मंडळीतले वजनदार गृहस्थ. करार आठ वर्षांचा.

मेहिटेबलच्या हातातली चाती थांबली. "एवढ्या लवकर? पुढच्या वर्षी पाठवू."

"जवळ ठेवली तर जाईल ती," जेडिडाया म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

मेहिटेबलला समजले. दोन मुलगे तिचेही होते. ती पुढे काही बोलली नाही, आणि आपण तेव्हा बोललो नाही हे तिला पुढे जन्मभर लागून राहिले. थँकफुलच्या बोचक्यात दोन झगे, लोकरीचे मोजे आणि सगळ्यात वर मी, असे बांधून आम्हा दोघांना होडीत बसवले. थँकफुल नावाड्याला विचारत होती की नदीला आपण नदी आहोत हे माहीत असते का.

मित्रांनो, डीकनचे घर वाईट नव्हते, हे मला आधी सांगितले पाहिजे. तिथे थँकफुलला कुणी मारले नाही. पोटभर घेवडा आणि मांस मिळायचे, पांघरूण उबदार होते. डीकनबाई कष्टाळू आणि खऱ्या मनाची बाई होती. पण त्या घरात मुलाने विचारलेला प्रश्न म्हणजे उद्धटपणा. थँकफुलने पहिल्याच दिवशी विचारले की लोणी घुसळताना आधी आवाज बदलतो की आधी लोणी येते. डीकनबाईने घुसळणे थांबवले नाही.

"नाव थँकफुल," ती म्हणाली, "आणि तोंड बघा. पुस्तक आणलंयस ना सोबत? काढ ते. चाकरांचं प्रकरण वाच. उभं राहून."

मग तो नेमच झाला. प्रश्न विचारला की मला काढायचे आणि उभे राहून वाचायचे: चाकराने कुरकुर करू नये, उलट उत्तर देऊ नये, विचारल्याशिवाय बोलू नये. वसंतात ती मला दिवसातून कितीतरी वेळा काढायची. उन्हाळ्यात कमी. झाडांची पाने गळायला लागली तेव्हा मला काढायची गरजच उरली नाही. डीकन समाधानाने म्हणाले की पोरीला वळण लागले. मी फळीवर पडून होते आणि तिला पाहत होते. ती नीट चालायची, नीट वाकायची, आणि "जी" म्हणायची. बाकी काहीच म्हणायची नाही.

शरद ऋतूत जेडिडाया डीकनच्या दारूसाठी पिंपे घेऊन आला. लेकीला पाहून त्याचा चेहरा उजळला, पण त्याने तो लगेच सरळ केला. तिने वाकून नमस्कार केला. त्याने तिच्यासाठी एक लहानशी बादली करून आणली होती, पट्ट्यांसकट, हुबेहूब मोठ्या बादलीसारखी.

"आभारी आहे, बाबा."

 तो म्हणाला, "आपल्या खाडीत देवमासा आला होता. वाळूवर अडकला. सगळं गाव बघायला गेलं होतं."

आणि तो वाट पाहत राहिला. मीही पाहत राहिले. देवमासा! तोंड उघडे होते का, डोळा केवढा होता, तो रडला का, त्याला घरी कुणी वाट पाहणारे होते का, या सगळ्या प्रश्नांची जागा तिथे त्या स्वयंपाकघरात रिकामी पडली होती.

"जी, बाबा," थँकफुल म्हणाली, आणि भांडी घासायला वळली.

डीकनबाई कौतुकाने म्हणाली, "पाहिलंत? आली तेव्हा चिमणीसारखी चिवचिवायची."

 निघताना जेडिडायाची टोपी तिथेच राहिली आणि ती घ्यायला तो परतही आला नाही.

त्याच्या घरी काय झाले ते मी प्रत्यक्ष पाहिले नाही. पुढे मेहिटेबल ते चुलीपाशी बसून सांगायची, तेव्हा ऐकले. तिने दारातच विचारले होते, कशी आहे, काय म्हणाली? तो म्हणाला, काही म्हणाली नाही. मेहिटेबलने हातातले पातेले खाली ठेवले. "थँकफुल? काही म्हणाली नाही?" तो म्हणाला, देवमाशाचं सांगितलं तरी नाही. मग मेहिटेबल त्याच्यासमोर बसली. ती म्हणाली, "अहो, देवाने दोन नेले. ही तिसरी आपण आपल्या हाताने दिली." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला ते जास्त लागले.

पुढच्या आठवड्यात दोघे होडीने आली. डीकन, डीकनबाई आणि थँकफुल स्वयंपाकघरात होती. जेडिडायाने टोपीविनाच आत येऊन सांगितले की तो मुलीला परत न्यायला आला आहे.

डीकन रागावले नाहीत. त्यांना खरोखर वाईट वाटले. त्यांनी समजावले की करार झाला आहे, मंडळीत बोभाटा होईल, लोक म्हणतील व्हीलॉकला लेकीशिवाय करमत नाही. मग त्यांनी फळीवरून मला काढले, ती ओळ शोधली आणि वाचून दाखवली. मूर्ती, पूजा, देव मूर्ती मोडतो.

"हे तुमच्याच घरचं पुस्तक आहे, व्हीलॉक," ते म्हणाले.

"पाठ आहे मला ते."

"मग?"

 जेडिडाया थँकफुलकडे गेला. ती भिंतीला पाठ लावून, खाली मान घालून उभी होती. बाजूला दूध काढायचे ठेंगणे स्टूल होते, त्यावर तो बसला, म्हणजे त्याचे तोंड तिच्या तोंडासमोर आले. एवढा मोठा माणूस त्या स्टुलावर बसलेला कुणी पाहिला नव्हता.

"थँकफुल," तो म्हणाला, "मी तुला इकडे धाडलं ते तुझ्या भल्यासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. तसं नव्हतं. मला भीती वाटत होती. माझी भीती मी तुझ्या डोक्यावर ठेवली. माझं चुकलं, पोरी. मला क्षमा कर."

चुलीवरचे आधण उकळत होते. बापाने मुलाची क्षमा मागावी, हे त्या घरात काय, त्या किनाऱ्यावर कुणी ऐकले नव्हते. डीकनबाईने पळी हातात तशीच धरली होती. डीकनची बोटे माझी पाने मागेपुढे चाळू लागली, जणू असे काही कुठे सांगितले आहे का ते बघावे म्हणून. मित्रांनो, ते माझ्यात कुठेच नव्हते. मुलांनी आईबापांची क्षमा कशी मागावी यावर माझ्यात पानेच्या पाने आहेत. उलटे एक अक्षर नाही. मला बांधल्यापासून पहिल्यांदा मला वाटले, मी अपुरे आहे.

थँकफुल हलली नाही. ती बापाच्या गळ्यात पडेल असे मेहिटेबलला वाटले होते, तसेही झाले नाही. ती नुसती त्याच्याकडे पाहत होती, हा खराच आपला बाप का, हे तपासल्यासारखी. मग तिचे ओठ हलले. आवाज इतका बारीक होता की जेडिडायाला पुढे वाकावे लागले.

"बाबा, देवमाशाला कान असतात का?"

जेडिडायाने तोंडावर हात घेतला. "माहीत नाही गं," तो म्हणाला. "मी नीट पाहिलंच नाही."

मेहिटेबल आपल्या झग्याच्या टोकाने डोळे पुसत होती आणि हसतही होती. डीकन खिडकीपाशी गेले. बाहेर पाहतच म्हणाले, "न्या." एवढेच.

परतल्यावर व्हायचे ते सगळे झाले. प्रार्थनेच्या सभाघरात लोक बाकावर त्यांच्यापासून दूर सरकून बसू लागले. कुणी जेडिडायाला 'पोरीच्या पाया पडलेला' म्हणू लागले. चर्चचे पाळक घरी येऊन त्याच्याशी गंभीरपणे बोलले. जेडिडायाने सगळे मान डोलावून ऐकले आणि शेवटी म्हटले की आपण चुकत असू तर देव आपल्याला सांगेल.

त्या हिवाळ्यात थँकफुलला ताप आला. जेडिडाया तिच्या अंथरुणापाशी बसला तो उठेना. एकदा तो बायकोला हळूच म्हणाला, "तिकडेच ठेवली असती तर?"

"तिकडे ताप नसतो का?" मेहिटेबल म्हणाली. "इथे निदान तुमचा हात आहे तिच्या हातात."

ताप उतरला. उठून बसल्यावर थँकफुलने पहिली गोष्ट मागितली ती सफरचंद, आणि दुसरी, आपल्याला ताप येतो तेव्हा उवांनाही गरम होते का, याचे उत्तर. जेडिडाया हसला, आणि या वेळी हसता हसता थांबला नाही.

मीही त्यांच्याबरोबर घरी परतले होते, पण तिथे मागे पडले. थँकफुलला मी डोळ्यांसमोर नको होते. मला हातात घेऊन ती किती दिवस उभी राहिली होती, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. बापाने तिला आग्रह केला नाही. आईबाप पवित्र शास्त्र वाचत, स्तोत्रे म्हणत, पण मला कुणी काढत नसे. पुढे तिचे एका जहाज बांधणाऱ्या सुताराशी, एल्काना टिलिंगशी लग्न झाले. मेहिटेबलने मला गुपचूप तिच्या पेटीच्या तळाशी ठेवले. तिथे मी कातायला ठेवलेल्या जवसाच्या पेंढ्यांखाली वर्षानुवर्षे पडून होते. माझा कोपरा उंदरांनी खाल्ला तो तेव्हा. ओलीने माझी शेवटची पाने एकमेकांना चिकटली. मला वाटले, झाले. आपले काम संपले, आणि फारसे चांगले झालेही नाही.

मग थँकफुलची थोरली मुलगी, होपस्टिल, दहा वर्षांची झाली. शेजारणी विचारू लागल्या, हिला कुणाकडे पाठवणार?  एका दुपारी घरात कुणी नसताना थँकफुलने पेटी उपसली, मला बाहेर काढले, झटकले आणि खिडकीशी बसली. आधी तिने चाकरांचे प्रकरण उघडले. ते तिला तोंडपाठ होते. तिने ते मिटले. मग तिने मला पहिल्या पानापासून वाचायला घेतले.

मित्रांनो, तिने मला कधी पूर्ण वाचलेच नव्हते. तिला माझी तेवढीच पाने माहीत होती, ज्यांच्यासमोर तिला उभे केले होते. आता तिने वाचले की नवराबायकोने एकमेकांच्या सहवासात आनंद मानावा, तीही देवाची सेवाच आहे. तिने वाचले की रागाच्या भरात मुलावर हात उचलू नये. आधी राग खाली ठेवावा, मग मुलाकडे जावे. तिने वाचले की मुलाला दुसऱ्या घरी द्यायचे तर आधी त्याची प्रकृती आणि कल पाहावा. हे त्याच प्रकरणात होते, त्या मूर्तीच्या ओळीच्या थोडे पुढे. जेडिडाया तिथपर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. चिकटलेली पाने तिने सुरीच्या पात्याने हलकेच सोडवली. एल्काना घरी आला तेव्हा चूल थंड होती आणि त्याची बायको खिडकीशी बसून रडत होती. तो घाबरून जवळ गेला, तर ती म्हणाली, "काही नाही हो. एका ओळखीच्या माणसाशी इतक्या वर्षांनी नीट बोलणं झालं."

होपस्टिल कुठेच गेली नाही. घरीच शिकली. आणि मी पुन्हा चुलीजवळच्या फळीवर आले. रोज जेवणानंतर थँकफुल थोडे थोडे वाचायची. मुले मध्येच प्रश्न विचारायची, ती बोट ओळीवर ठेवून उत्तर द्यायची आणि मग पुढे जायची. आईबापांचे प्रकरण संपले की ती न थांबता, त्याच सुरात म्हणायची, 'आणि आईबापांचे चुकले, तर त्यांनी मुलांची क्षमा मागावी, आणि ती मागताना खाली बसावे.'

होपस्टिल स्वतः वाचायला शिकली तेव्हा एकदा ते प्रकरण तिच्या वाट्याला आले. ती शेवटी येऊन अडखळली. पान उलटून पाहिले, परत मागे आली.

"आई, ते क्षमेचं इथे नाहीये."

"नाहीये का?"

"कुठेच नाहीये. तू तर रोज वाचतेस."

"बघ हं नीट."

"बघितलं. छापलेलंच नाही."

थँकफुल विणकाम करत होती. एक टाका घालून ती म्हणाली, "ते छापायचं राहिलं असेल. तू वाच तरी."

होपस्टिलने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले, आणि कोऱ्या कडेवर बोट ठेवून ती ओळ मोठ्याने वाचली.

मित्रांनो, आता मी होपस्टिलच्या घरी आहे. जेडिडाया आणि मेहिटेबल टेकडीवर आपल्या दोन मुलग्यांशेजारी आहेत, आणि थँकफुलही गेल्या वर्षी त्यांच्याजवळ गेली. तुमच्याही घरी माझ्यासारखे एखादे जुने पुस्तक असेल. त्याला ओल लागू देऊ नका, उंदरांना देऊ नका. एखाद्याला गप्प करायला ते कधी हातात घेऊ नका. वाचायला घ्याल तेव्हा आवडत्या ओळीपाशी थांबू नका, शेवटपर्यंत जा. आणि वाचता वाचता अधूनमधून मान वर करून समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघा. आम्हाला लिहिणारे शहाणे असतात, पण त्यांनी तुमच्या घरची माणसे पाहिलेली नसतात.